कादवेनं सोडलेलं नाव



आजचं वाचन मुंडकोपनिषदातलं आहे. तिसरं मुंडक, दुसरा खंड, आठवा मंत्र. नद्यांचा दृष्टान्त असलेला. नदी समुद्रात शिरली की तिचं नाव उरत नाही, आकारही उरत नाही; ज्ञानी माणसाचंही शेवटी असंच होतं, असा त्याचा साधारण आशय.

हा माझा आवडता मंत्र. आम्हा आयटीवाल्यांचं निम्मं आयुष्य नावात जातं. प्रेझेंटेशनवर पहिलं नाव कोणाचं, मेलमध्ये कोणाचे आभार मानले, लिंक्डइनवर पदाच्या आधी 'सीनियर' लागलं की नाही. अशा दिवसानंतर रात्री हा मंत्र वाचला की बरं वाटायचं. सोड ना बाबा ते नाव, नद्याही सोडतात.

पण या वेळी वाचताना मी अडकलो. त्याबद्दलच आज लिहितोय. नेहमीपेक्षा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमची आजी गेली. बाबांची आई. अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. गुरुजींनी संकल्पासाठी नाव आणि गोत्र विचारलं, काकांनी सांगितलं. मग गुरुजींनी आमच्या कुळाची नामावळ काढली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. कुठलं गाव, कुठलं कूळ, कोण कधी आलं, सगळं त्यात नोंदलेलं. पणजोबांची सही पाहून बाबा जरा वेळ गप्पच झाले. गुरुजी नवी नोंद करता करता सहज म्हणाले, "माहेरचं नाव?"

कोणालाच सांगता येईना. बाबा काकांकडे बघतायत, काका आत्याकडे. आत्या म्हणाली, "तिकडचं काहीतरी वेगळं होतं. ती सांगायची नाही."

"राहू द्या," गुरुजी म्हणाले. "विधीला हे नाव पुरतं."

विधीला पुरलं. मला मात्र पुरलं नाही. जिच्या मांडीवर मी हरिपाठ शिकलो तिला पंधरा-सोळा वर्षं ज्या नावानं हाक मारली गेली, ते नाव घरात एकालाही माहीत नाही. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते तांदूळ सारखे केले जातात आणि जुनं नाव संपतं. फोटो काढायला छान प्रसंग असतो. त्या ताटात नेमकं काय पुसलं जातं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आणि त्यानंतर रोजच्या क्रमानं वाचनात हा मंत्र आला. नाव आणि रूप मागे टाकणाऱ्या नद्या. पूर्वी तो वाचून मोकळं वाटायचं, आता राग आला. वाटलं, आजीनं तिचं नाव टाकलं होतं, की ते तिच्याकडून काढून घेतलं होतं? एकाला आपण त्याग म्हणतो, दुसऱ्याला काय म्हणायचं? बाहेरून तर दोन्ही सारखंच दिसतं.

शनिवारी सुट्टी होती. आजीचं माहेर निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. बाबांच्या मामी अजून तिथे असतात. म्हटलं, जाऊन विचारून यावं. आणि हमरस्त्यानं न जाता शक्य तितकं गोदेच्या काठानं जावं. मंत्र नद्यांचा आहे, तर त्यांची नावं कुठे आणि कशी जातात ते डोळ्यांनी बघावं.

निघण्यापूर्वी एक छोटा हिशोब केला, सवयच आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर सुमारे १०६७ मीटर उंचीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटरवर. तरी ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक शहर साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे त्र्यंबक ते नाशिक या पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्येच तिची जवळजवळ निम्मी उंची खर्च होते. उरलेली तिला चौदाशे किलोमीटर पुरवायची असते. भागाकार केला तर किलोमीटरला अर्धा मीटरही उतार येत नाही. म्हणून नाशिक सोडलं की गोदा संथ होते. ती कुठल्या दिशेनं चालली आहे हे कळायला कधीकधी पाण्यावरचं पान बघावं लागतं.

तिचं स्वतःचं नावही एक नाही. पुराणात ती गौतमी, कारण गौतम ऋषींनी तिला आणलं. नकाशावर ती गोदावरी. आणि आपण नाशिककर? 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. घाटही गंगाघाट. घरच्या नदीला आपण दुसऱ्या नदीच्या नावानं हाक मारतो आणि त्यात तिचा मानच आहे असं समजतो.

शहरात येण्याआधीच तिच्यात बरीच नावं विरलेली असतात. किकवी, काश्यपी, गौतमी नावाची छोटी नदी, यांचं पाणी गंगापूर धरणात एकत्र होतं. तेच आपल्या नळाला येतं. पाणीपट्टीच्या बिलावर यांतल्या कोणाचंच नाव नसतं.

रामकुंडापाशी अरुणा आणि वरुणा यांचा संगम सांगतात. वरुणा म्हणजे आपली वाघाडी, ती निदान दिसते. अरुणा दिसतच नाही. मी लहानपणापासून रामकुंडावर जातोय, पण 'ही बघ अरुणा' असं बोट दाखवून मला कोणी सांगितलेलं नाही. पुढे तपोवनात कपिला मिळते. आणि त्याच्याही पुढे, आगर टाकळीला, नंदिनी.

टाकळीला थांबलो. समर्थ रामदासांनी साधारण १६२० ते १६३२ अशी बारा वर्षं इथे तपश्चर्या केली. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते त्रयोदशाक्षरी मंत्राचा जप करत. पाण्यातले मासे त्यांच्या पायांना टोचत, अशी आठवण परंपरेनं जपली आहे. मठात गोमय मारुतीचं दर्शन घेतलं आणि जरा वेळ बसलो.

आता खरं सांगतो. ही नंदिनी म्हणजेच नासर्डी. त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधून आणि दाट वस्त्यांमधून वाहत टाकळीला येते. माझी पहिली नोकरी सातपूरला होती. रोज जाता-येता मी ती ओलांडायचो. नाकाला रुमाल लावून. मित्राला फोनवर सांगायचो, "नाल्यापाशी थांब, आलोच." तीन वर्षं. ज्या पाण्यात समर्थ उभे राहिले त्याला मी तीन वर्षं नाला म्हणत होतो, आणि त्याच काळात रोज सकाळी मनाचे श्लोक म्हणत होतो.

नाव बदललं की वागणं बदलतं. नदीत कचरा टाकताना निदान हात थोडा अडखळतो, नाल्यात टाकताना अडखळत नाही, कारण नाला त्यासाठीच असतो असं आपण धरून चालतो. नंदिनीनं आपलं नाव गोदेला मिळण्याच्या कितीतरी आधी, शहराच्या मध्येच गमावलं. आणि ते तिनं कोणाला अर्पण केलं नव्हतं.

टाकळीहून पुढे निघालो. ओढ्याच्या पुढे दारणासांगवीला दारणा मिळते. ती इगतपुरीच्या डोंगरांतून येते, वाटेत वालदेवीला सोबत घेते. तिच्यावरचं दारणा धरण १९१६ सालचं, म्हणजे शंभरहून जास्त वर्षं तिचं पाणी अडवलं आणि कालव्यांनी पुढे नेलं जातंय. पण तिला कोणी नाला म्हणत नाही. इगतपुरीपासून सांगवीपर्यंत ती दारणाच आहे, गावाच्या नावातसुद्धा आहे.

चांदोरी-सायखेड्याला पूर्ण ग्रामीण गोदा भेटली. दोन्ही बाजूंना ऊस, द्राक्षबागा, मोटारींचे पाइप. सायखेड्याच्या पुलापाशी पाणवेलींचा हिरवा गालिचा. दिसायला सुंदर, पण पाणवेल अशी माजते ती पाण्यात सांडपाण्याचं खत मिसळतं म्हणून. आपण शहरात जे सोडतो ते असं हिरवं होऊन इथल्या लोकांच्या दारात येतं.

मग नांदूर मध्यमेश्वर. इथे कादवा गोदेला मिळते. इंग्रजांच्या काळात संगमापाशी बंधारा बांधला, पाणी थांबलं, वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं आणि दलदल तयार झाली आणि पक्षी आले. दोनशेहून अधिक जातींचे. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. मी गेलो तेव्हा चित्रबलाक होते, शेकडो बदकं होती. पाणी इतकं शांत, की यातली गोदा कुठली आणि कादवा कुठली हे सांगता येणं शक्यच नव्हतं.

तिथे दगडावर बसून मंत्राचा अर्थ जरा वेगळा लागला. कादवा दिंडोरी तालुक्यातून निघते. तिच्यावर करंजवण आणि पालखेड ही धरणं आहेत. कोळवण आणि उनंदा तिला मिळतात, म्हणजे त्यांनी आपली नावं तिच्यात सोडलेली. आपण कौतुकानं 'नाशिकची द्राक्षं' म्हणून खातो त्यातली पुष्कळशी तिच्याच पाण्यावरची. दिंडोरीपासून निफाडपर्यंत तिला कादवाच म्हणतात. तिच्या नावाचा साखर कारखाना आहे. ती पूर्णपणे कादवा म्हणून जगते आणि मग नांदूरला ते नाव ठेवून पुढे जाते. आमच्या कामातल्या भाषेत सांगायचं, तर ब्रँच मर्ज झाली की तिचं नाव डिलीट करतात, पण कोणती ओळ कोणी लिहिली हा इतिहास तसाच राहतो. काम वाया जात नाही. पैठणच्या नाथसागरात कादवेचं पाणी आहे, फक्त त्यावर लेबल नाही.

आणि मोठं कोण, यावर नाव ठरतं असंही नाही. खूप पुढे, गडचिरोलीत सिरोंचाजवळ गोदेला प्राणहिता मिळते. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. वर्धा आणि वैनगंगा दोघींनी आपापली नावं सोडून ती झालेली, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर वाहून तीही आपलं नाव सोडते. पुढे सगळीच गोदावरी. त्या वेळी कोण कोणाला मिळालं, हा प्रश्न पाण्याला पडत नसावा. तो काठावरच्यांना पडतो.

तर माझं ठरलं होतं. कादवेचं नाव सोडणं म्हणजे त्याग. नंदिनीचं म्हणजे अन्याय. आणि आजीचं? तेही नंदिनीसारखंच, असं मी मनात जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. लेखाचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं.

मग कादवेच्या काठानं वर, आजीच्या माहेरी गेलो.

मामीआजींचं वय आता ऐंशीच्या पुढे. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. पाया पडलो, ओळख सांगितली, चहा झाला. मग विचारलं, "मामीआजी, आमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं हो?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच सांगितलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. चार मुलींवर पाचवी झाली, आता मुलगी नको, म्हणून जी नावं ठेवतात, त्यांतलं ते होतं. तुम्हाला कल्पना येईल.

"मी नंतर आले ह्या घरात," त्या म्हणाल्या, "पण सासूबाई सांगायच्या. त्या नावानं हाक मारली की पोर खाली बघायची. लग्नात तुझ्या आज्यानं तांदळात नाव लिहिलं, तर चार दिवस तेच घोकत होती. माहेरपणाला आली तर सगळ्यांना सांगितलं, आता मला ह्याच नावानं बोलवायचं. सासूबाईंच्या तोंडून एकदा चुकून जुनं नाव गेलं, तर बाई दिवसभर बोलली नाही."

"आम्हाला कधी सांगितलं नाही तिनं."

"कशाला सांगंल? टाकलेलं ते. टाकलेलं पुन्हा कोण उचलतं का?"

मी काहीच बोललो नाही. मी आजीचा वकील होऊन आलो होतो. तिच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा गोळा करायला. आणि तिनं कधीच निकाल लावून टाकला होता. जे नाव तिनं आयुष्यभर कोणाला कळू दिलं नाही, ते तिच्या मागे मी नामावळीत लिहवून घ्यायला निघालो होतो. तेही प्रेमानं.

मग एकेक आठवायला लागलं. प्रौढ साक्षरता वर्गात जाऊन आजी सही करायला शिकली होती ती याच नावाची. पासबुकावर सही करायची वेळ आली की चष्मा पुसून, जीभ किंचित बाहेर काढून, एकेक अक्षर ठसठशीत काढायची. तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर ते नाव घालून घेतलं होतं. हरिपाठाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तेच. आम्ही हसायचो, आजीला नावाची फार हौस. हौस नव्हती ती. तिला नाव मिळालं होतं.

परत येताना गाडी चालवत मी पुन्हा त्याच प्रश्नावर आलो. मग फरक कसा ओळखायचा? त्याग कुठला आणि हिरावून घेणं कुठलं?

मला आत्तापुरतं जे समजलंय ते असं. बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. तेच ताट, तेच तांदूळ; त्यात आमच्या आजीची सुटका झाली, आणि दुसऱ्या कुठल्या मुलीचं बापानं लाडानं ठेवलेलं नाव गेलं असेल. रीत एकच. दोघींनाही कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं. आजीच्या वाट्याला चांगलं आलं, म्हणून ती रीत बरोबर ठरत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशाच नकोशी नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींनी समारंभात जुनी नावं टाकून नवी घेतली. त्यांचीही नावं बदललीच, पण तिथे 'तुला काय नाव हवंय' हा प्रश्न होता. सगळा फरक त्या प्रश्नात आहे. आणि आजी असताना तिला तो विचारायला माझ्याकडे तीस वर्षं होती.

नदीला तर विचारताही येत नाही. तिथे मला एकच कसोटी दिसते. नाव गेल्यावर तिथलं जीवन वाढलं की आटलं? कादवेचं नाव संपतं तिथे हजारो पक्षी उतरतात. नंदिनीचं नाव संपलं तिथे रुमाल लागतो. आजीचं जुनं नाव गेलं आणि ती खाली बघायची थांबली. समर्पण खरं असेल तर त्यानं पाणी जिवंत राहतं. ज्यानं पाणी मरतं, त्याला शास्त्रातले मोठे शब्द लावू नयेत.

इथे कोणी म्हणेल, अरे पण छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला काय सांगतो? समुद्रात गेलेल्या नद्यांना 'मी अमुक' हे भानच राहत नाही. मग नावाची एवढी काळजी कशाला, शेवटी सगळं एकच ना?

हा आक्षेप मी स्वतःलाच बरेच दिवस घेतला. उत्तर इतकंच सुचतं, की उद्दालक समुद्रातून बोलतोय आणि मी अजून काठावर उभा आहे. समुद्रात पोचलेल्यानं 'नाव काय त्यात' म्हणावं. काठावरच्यानं, तेही दुसऱ्याच्या नावाबद्दल, ते म्हणणं म्हणजे आयती सोय. ऑफिसात माझं नाव गाळलं गेलं तर मी मंत्र आठवून शांत व्हावं, हे ठीक. पण ज्युनियरचं नाव मी गाळलं आणि त्याला म्हणालो, 'अहंकार सोड रे', तर तो अध्यात्म नाही, चोरी आहे. आपल्या नावाबद्दल वैराग्य असावं, दुसऱ्याच्या नावाबद्दल काळजी. आपण बरेचदा नेमकं उलटं करतो.

आपल्या परंपरेला हे माहीत होतं असं मला वाटतं. याच गोदेच्या काठी, गंगाखेडला, जनाबाईंचा जन्म झाला असं मानतात. दळण-कांडण करणारी, स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणारी बाई. समर्पणात तिच्यापुढे कोण आहे? आणि तरी ती अभंगाच्या शेवटी जनी हे आपलं नाव घालते. देवाला सगळं दिलं, पण दिलं कोणी, हे ती पुसत नाही. सात शतकं झाली, आपण तिला नावानं ओळखतो.

गीतेत दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे, सत्तराव्या श्लोकात, हाच नदी-समुद्राचा दृष्टान्त येतो, पण समुद्राच्या बाजूनं. तिथे समुद्र भरलेला आणि अढळ आहे. पाणी त्याच्यात येतं, तो पाण्यामागे धावत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जो खरोखर मोठा आहे तो कोणाकडे 'तुझं नाव दे' असं मागत नाही. मागणारा मोठा नसतो, मग ते सासर असो, कंपनी असो की शहर.

रात्री घरी आल्यावर आत्याला फोन केला. म्हटलं, आजीचं माहेरचं नाव कळलं, पण सांगत नाही, कारण तिला चाललं नसतं. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस." गुरुजींच्या नामावळीत ती जागा कोरी आहे. तशीच राहू दे. तिच्या पितळी डब्यावर नाव आहे, तो मी आता माझ्या देवघरात ठेवलाय.

आजचा संकल्प. सकाळी स्नान करताना सात नद्यांची नावं घेऊन त्यांना बादलीतल्या पाण्यात बोलवायचा आपल्याकडे प्रघात आहे. त्यात गोदावरी आहेच. आजपासून त्यात एका नावाची भर घालायची: आपल्या बादलीत जिचं पाणी खरोखर येतं, त्या नदीची. पुण्यात असाल तर मुठा. मुंबईत असाल तर भातसा, तानसा, वैतरणा. नाशिकला काश्यपी, किकवी. आणि जिला आपण घाण करून नाला म्हणतो, तिचंही जुनं नाव शोधून घ्यायचं. मी उद्यापासून नंदिनी म्हणणार आहे, मित्राशी फोनवर बोलतानासुद्धा. नुसत्या नावानं पाणी स्वच्छ होत नाही, मला माहीत आहे. आमच्या सोसायटीचं सांडपाणी नक्की कुठे जातं, हे येत्या मीटिंगमध्ये विचारणार आहे. उत्तर आलं की इथे लिहीनच.

आणि घरी आजी असेल तर आज तिच्याजवळ बसा. तिचं आधीचं नाव विचारा. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर आग्रह करू नका.

उद्या याच खंडातला पुढचा, नववा मंत्र.

राम कृष्ण हरी.